चिकटपट्टीवर उरलेला पुरावा

खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन भारतात नाही आणि इंग्लंडमध्येही नाही, त्यामुळे आरोपी न सापडलेले प्रकरण कागदोपत्री कितीही काळ पडून राहिले, तरी ते कायद्याच्या दृष्टीने संपत नाही. महाराष्ट्रात अशा वेळी पोलीस न्यायालयात ‘अ समरी’ दाखल करतात. तिचा अर्थ एवढाच, की गुन्हा खरा आहे, पण गुन्हेगाराचा शोध लागलेला नाही. नवा पुरावा हाती आल्यास पुढील तपास करण्याची वाट त्यानंतरही खुली असते. इंग्लंडमध्ये ‘कोल्ड केस’ म्हणजे थंडावलेले प्रकरण, आणि ते पुन्हा हाती घेणाऱ्या अधिकाऱ्यांचे पहिले काम बहुधा गोदामात सुरू होते. संशयितांची यादी त्यानंतर येते. मुद्देमालातले, म्हणजे तपासात जप्त केलेल्या वस्तूंतले काय शिल्लक आहे, कुठे आहे आणि ते मधल्या काळात कोणाकोणाच्या हातांतून गेले, हे आधी पाहावे लागते.

या शिल्लक वस्तूंत एक अगदी साधी वस्तू विलक्षण मोलाची ठरली आहे, ती म्हणजे चिकटपट्टी. मृताच्या कपड्यांवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती उचलली, की कापडावरचे सुटे धागे, केस आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी तिला चिकटून येतात. मग ती पट्टी प्लॅस्टिकच्या स्वच्छ शीटवर डकवून तिच्यावर कपड्याचे नाव, जागा आणि तारीख लिहिली जाते. १९७० च्या दशकात प्रयोगशाळा हे काम करीत, ते केवळ सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांशी धागे ताडून पाहण्यासाठी. मानवी डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची रीत ॲलेक जेफ्रीज यांना लेस्टर येथे सापडली ती १९८४ मध्ये, म्हणजे त्या पट्ट्या जपणाऱ्यांना आपण नेमके काय जपत आहोत याची कल्पनाही असणे शक्य नव्हते. तरीही त्यांनी त्या टाकून दिल्या नाहीत, आणि पुढे जे घडले त्याचे बरेचसे श्रेय या शिस्तीला द्यायला हवे.

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावातली अकरा वर्षांची लेस्ली मोल्सीड ५ ऑक्टोबर १९७५ रोजी आईने सांगितलेली वस्तू आणायला दुकानात गेली आणि परतली नाही. तीन दिवसांनी तिचा मृतदेह यॉर्कशायरच्या माळरानावर सापडला. करखात्यातला कारकून स्टीफन किश्को याने वकील सोबत नसताना दिलेला कबुलीजबाब खटल्याचा आधार झाला, तो त्याने लगेच मागे घेतला, तरी १९७६ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. मुलीच्या कपड्यांवरील वीर्याच्या डागात शुक्राणू आढळले होते, आणि किश्कोच्या शरीरात जन्मजात विकारामुळे शुक्राणू तयारच होत नव्हते. ही तफावत तपास यंत्रणेला ठाऊक असतानाही बचावपक्षापर्यंत पोहोचली नाही. किश्कोच्या आईने वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा आणि नव्या वकिलांनी जुन्या कागदांची केलेली तपासणी यांमुळे फेब्रुवारी १९९२ मध्ये शिक्षा रद्द झाली, तेव्हा त्याची सोळा वर्षे कैदेत गेली होती.

किश्को निर्दोष ठरला, याचा दुसरा अर्थ लेस्लीचा खुनी मोकळा होता. तिचे मूळ कपडे १९८५ मध्ये नष्ट करण्यात आले होते. उरल्या होत्या त्या फक्त चिकटपट्ट्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांवरील अंशांतून डीएनएचा आलेख मिळवता आला. इथे प्रक्रिया समजून घ्यायला हवी: पट्टीवरच्या पेशी द्रावणात मोकळ्या करतात, त्यांतील डीएनएचे ठरावीक भाग रासायनिक क्रियेने अनेकपट वाढवतात आणि त्या भागांत विशिष्ट तुकडा किती वेळा पुन्हा आला आहे हे मोजतात, अशा दहा-पंधरा जागांची मापे मिळून आलेख होतो. त्या काळी पट्ट्या हाताळणाऱ्यांनी आजच्यासारखी सावधगिरी बाळगलेली नसल्याने, जुने अधिकारी आणि तंत्रज्ञ यांचे नमुनेही ताडून वगळावे लागतात. लेस्लीच्या प्रकरणातला आलेख राष्ट्रीय डीएनए संग्रहात कोणाशीच जुळला नाही आणि प्रतीक्षा लांबली. २००५ मध्ये रोनाल्ड कॅस्ट्री नावाच्या माणसाला वेगळ्याच कारणाने अटक झाली, नियमानुसार त्याचा नमुना घेतला गेला, आणि तो जुळला.

एवढ्याने खटला सिद्ध होतो असे मानणे मात्र चूक ठरेल. जुळलेला आलेख संपर्क दाखवतो. तो संपर्क कसा आला हे तपासालाच शोधावे लागते. पीटरबरोतील सहा वर्षांच्या रिक्की नीव्हच्या १९९४ मधील खुनात हे विशेष स्पष्ट दिसले. त्याच्या आईवर खुनाचा आरोप ठेवला गेला आणि १९९६ मध्ये ती त्यातून निर्दोष सुटली. क्रूर वागणुकीबद्दल तिला शिक्षा झाली, पण खुनी कोण हे कळले नाही. २०१५ मध्ये तपास पुन्हा सुरू झाला, कपड्यांवरून घेतलेल्या पट्ट्या तपासल्या गेल्या, आणि खुनाच्या वेळी तेरा वर्षांचा असलेल्या जेम्स वॉटसनचा डीएनए त्यांवर मिळाला. त्याने खुलासा दिला, की कुंपणापलीकडची खोदकामाची यंत्रे दाखवायला आपण रिक्कीला उचलले होते. खुलासा ऐकायला सहज पटावा असा होता. पोलिसांनी त्या काळचे चित्रीकरण शोधून काढले, आणि त्या जागी तेव्हा असे कुंपणच नव्हते, हे त्यातून दिसले. तरीही खटला भरणाऱ्या विभागाने आधी पुरावा अपुरा मानला होता. मुलाच्या बहिणींनी फेरविचाराची मागणी केल्यावरच प्रकरण न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये वॉटसन दोषी ठरला.

दोन्ही प्रकरणांत पहिल्या तपासाने आपले उत्तर फार लवकर पक्के केले होते, आणि पुन्हा उघडलेल्या तपासाचे खरे कष्ट ते उत्तर बाजूला ठेवण्यात गेले. जुना जबाब वाचताना तो कोणाच्या खात्रीच्या सावलीत लिहिला गेला, हे आधी विचारावे लागते. म्हणूनच जुन्या प्रकरणाची फाईल नव्या अधिकाऱ्याकडे, मूळ तपासाशी संबंध नसलेल्या माणसाकडे सोपवणे ही केवळ सोय न राहता न्यायाची अट ठरते. आपल्याकडे पंचनामा, सील आणि लेबल यांना ‘कागदी काम’ म्हणून कमी लेखण्याची सवय आहे. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पाण्याने भिजलेली किंवा नोंद हरवलेली एक पुडी पुढच्या पिढीतल्या एखाद्या खुन्याला कायमचे संरक्षण देऊ शकते.

कॅस्ट्रीला नोव्हेंबर २००७ मध्ये जन्मठेप झाली. किश्को डिसेंबर १९९३ मध्ये, सुटकेनंतर दोन वर्षेही न होता, वारला होता, आणि त्याच्यासाठी लढलेली त्याची आईही त्यानंतर काही महिन्यांतच गेली होती.