अनुशेष: कलम 371चा वऱ्हाडी हिशेब

राज्यघटना आजच्या काळाला पुरते का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुरुस्त्या मोजून दिले जाते. 2023पर्यंत आपल्याकडे 106 दुरुस्त्या झाल्या, अमेरिकेत सव्वादोनशे वर्षांत 27, जपानने 1947पासून एकही केली नाही. ही मोजणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. अमरावती-अकोल्याकडून पाहिले तर प्रश्न वेगळा दिसतो: घटनेत लिहिलेले वचन पाळायला किती वर्षे लागली?

घटना समितीत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, 8 ऑगस्ट 1947 रोजी, अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्रात महाविदर्भ हा स्वतंत्र उपप्रांत असेल, त्याचे स्वतःचे कायदेमंडळ असेल, असे त्यात ठरले होते. ते घडले नाही. 1953च्या नागपूर कराराने विकासाच्या समान वाट्याची हमी दिली. 1955मध्ये फाजल अली आयोगाने तर वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली, तीही मागे पडली. पण 1956च्या सातव्या घटनादुरुस्तीत कलम 371(2) आले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, आणि त्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर. पुढाऱ्यांनी एकमेकांना दिलेला शब्द देशाच्या घटनेत बसला, ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्या कलमाला राष्ट्रपतींचा आदेश लागत होता, आणि आदेश कधी काढायचा याला मुदत नव्हती. मंडळे आली ती 1994 साली. अडतीस वर्षे! तोवर एक पिढी शेती करून थकली. 1983मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, सुमारे 3,187 कोटी रुपयांचा काढला. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994ची स्थिती धरून हिशेब केला, तेव्हा राज्याचा आकडा 14 हजार कोटींवर गेला आणि विदर्भाचा वाटाही वाढला.

या आकड्यांतला सर्वांत जड भाग सिंचनाचा, आणि तो अमरावती विभागात साचलेला. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावावे लागत नाही. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या या पट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. विहीर खणून पराटी, म्हणजे कपाशी, वाचत नाही, कालव्याशिवाय इलाज नाही. म्हणूनच इथल्या शेतकऱ्यासाठी कलम 371 म्हणजे आपल्या शेतापर्यंत पाणी येईल की नाही हा प्रश्न. 2001पासून राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश दिले, तेव्हा निदान पैसा कुठे जातो हे विचारायला एक घटनात्मक दार उघडले. 30 एप्रिल 2020 रोजी मंडळांची मुदत संपली आणि ते दारही लोटले गेले. सप्टेंबर 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला, पण त्यानंतरही मंडळे लगेच उभी राहिली नाहीत.

कलमात मुदत असती तर भागले असते का? नाही. कलम 243-यू सांगते की पालिकेची निवडणूक तिची मुदत संपण्याआधी झालीच पाहिजे. तरी अमरावती आणि अकोला महापालिकांची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका उरकण्यास सांगावे लागले.

आता पायविहीर पाहा. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी वसलेल्या या लहान कोरकू गावाने 2006च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा केला आणि 2012मध्ये जंगलाचा हक्क मिळवला. उजाड टेकड्यांवर गावाने झाडी उभी केली, सीताफळे विकली, निर्णय ग्रामसभेत घेतले. कायद्याने दिलेला हक्क गावाने स्वतः बजावला. 371चा दावा मात्र कोणत्याही ग्रामसभेला दाखल करता येत नाही. तो राज्यपाल आणि राष्ट्रपतींच्या सहीवर अवलंबून आहे. माझ्या मते त्या कलमाची खरी उणीव हीच आहे, आणि पुढची दुरुस्ती व्हायची तर इथेच व्हावी: मंडळे कायमची असावीत, आणि वाटप चुकले तर अकोल्यातल्या शेतकऱ्याला न्यायालयात जाब मागता यावा.