डिजिटल आरोग्य साक्षरता : गरज आणि आपली जबाबदारी



रुग्णालयाच्या ताळेबंदात संगणक, छपाईयंत्रे आणि सॉफ्टवेअर यांवरील खर्च मालमत्तेच्या बाजूस दिसतो. ती यंत्रे हाताळणाऱ्या परिचारिकेची आणि त्यांतून निघालेला कागद हाती घेणाऱ्या रुग्णाची समज मात्र ताळेबंदात कोठेच दिसत नाही. या समजेवाचून यंत्रांचा उपयोग अर्धाच होतो, असा आमचा नित्याचा अनुभव आहे. म्हणून यंदाच्या अहवालात या विषयासंबंधी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

खानदेशास हा विषय नवा नाही. देशातील पहिले आधार क्रमांक दि. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देण्यात आले. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असले, तरी १९९८ पर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. पुढे जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती जळगावसह राज्यभर लागू झाली. २०१७ पासून हीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. कागदपत्रे संगणकाद्वारे पाठवून शस्त्रक्रियेपूर्वी मंजुरी घेण्याची पद्धत या योजनेमुळेच आपल्या भागात रूढ झाली. कोविड लसीकरणासाठी २०२१ मध्ये मोबाईलवरून नोंदणी करावी लागली, तेव्हा तर घरोघरी या साक्षरतेची परीक्षाच झाली.

डिजिटल आरोग्य साक्षरता म्हणजे केवळ मोबाईल चालविता येणे नव्हे. कॅनडातील नॉर्मन व स्किनर या अभ्यासकांनी २००६ साली या संकल्पनेची मांडणी करताना तिची सहा अंगे सांगितली. संगणक हाताळता येणे हे त्यांपैकी एकच होय. लिहिता-वाचता येणे, आरोग्यविषयक शब्द समजणे, हवी ती माहिती शोधता येणे, शास्त्रीय विचार करणे आणि समोर आलेली माहिती पारखून घेणे ही उर्वरित पाच अंगे. मोबाईल सराईतपणे चालविणारा तरुण मुलगाही व्हॉट्सॲपवरील संदेश वाचून आईच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करतो, तेव्हा उणीव यंत्राची नसून पारखण्याची असते.

याचे आणखी एक उदाहरण आमच्या नोंदणी कक्षात वारंवार दिसते. 'आभा' आणि 'आयुष्मान कार्ड' ही दोन्ही एकच आहेत, असा अनेकांचा समज असतो. 'आभा' हा केवळ चौदा अंकी क्रमांक आहे. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशन अंतर्गत रुग्णाचे अहवाल एकत्र जोडण्यासाठी तो दिला जातो आणि तो घेणे ऐच्छिक आहे. त्यातून उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. खर्चाचे संरक्षण आयुष्मान कार्डामुळे मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, वय वंदना कार्ड मिळू शकते. शिधापत्रिकेवरील व आधारवरील नाव जुळत नाही, हे शस्त्रक्रियेच्या दिवशी कळले, तर कापूस घरात येण्यापूर्वीच कुटुंबास उसनवारी करावी लागते. तेच आठ-पंधरा दिवस आधी कळले, तर दुरुस्तीला अवधी मिळतो. एका माहितीचे मोल असे रोख रुपयांत असते.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. आभा किंवा आयुष्मान कार्ड काढताना मोबाईलवर ओटीपी येतो. तो रुग्णाच्या समोर बसून, कशासाठी हवा ते सांगूनच घेतला पाहिजे. दूरध्वनीवरून ओटीपी मागणारा, 'अपॉइंटमेंटसाठी पाच रुपये भरा' म्हणून लिंक पाठविणारा किंवा अनोळखी ॲप उतरवून घेण्यास सांगणारा माणूस रुग्णालयाचा नसतो, हे प्रत्येक कुटुंबाने पक्के लक्षात ठेवावे. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आरोग्य कर्मचाऱ्यांचे शिक्षण हा याच कामाचा दुसरा भाग. आशाताई, परिचारिका, आरोग्यमित्र यांच्याकडे अनेक ॲप व पोर्टल आले. परंतु नोंद कशी भरावी इतकेच सांगून भागत नाही. चुकीची जन्मतारीख किंवा घाईत टाकलेला रक्तदाबाचा आकडा पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या निर्णयाचा आधार होतो. ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरांसमोर रुग्णास बसविणाऱ्या कर्मचाऱ्याने तर त्यांचे डोळे आणि हात व्हायचे असते. तसेच रुग्णाचा अहवाल कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकणे म्हणजे त्याची गोष्ट चावडीवर सांगणे होय. क्षयरोग, एचआयव्ही किंवा गर्भपात यांच्या नोंदी फुटल्या, तर एखाद्या स्त्रीचा संसार मोडू शकतो. घरातील मोबाईल बहुधा पती वा मुलाकडे असतो. त्यामुळे अहवाल कोणत्या क्रमांकावर पाठवावा, हे त्या स्त्रीलाच एकांतात विचारणे आम्ही आवश्यक मानतो.

यात भाषेचा प्रश्न मोठा आहे. धुळ्याकडील रुग्ण अहिराणी बोलतात, रावेर-यावलकडील लेवा बोली बोलतात, तर चोपडा-शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यातील पावरा बांधवांची बोली निराळीच आहे. पडद्यावरील 'संमती' हा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. 'तुमना कागद, तुमनी मर्जी' असे म्हटले, की अहिराणी बोलणाऱ्या आजीबाईंना लगेच उमगते. हे सांगण्यासाठी माणूस लागतो आणि त्या माणसास वेळ लागतो.

म्हणून देणगीदारांस आमची नम्र विनंती अशी की, संगणकासाठी देणगी देताना तो समजावून सांगणाऱ्या माणसाच्या मानधनाचा व प्रशिक्षणाचाही विचार व्हावा. यंत्रावर आपले नाव कोरता येते, समजावणीवर कोरता येत नाही, हे खरे. परंतु यंत्रावर दरवर्षी घसारा लावावा लागतो, आणि एका आशाताईला नीट शिकविलेली गोष्ट गावातील अनेक घरांत पोहोचते. रुग्णांच्या आप्तेष्टांनीही घरातील ज्येष्ठांचे आधार, शिधापत्रिका व जुने अहवाल एका पिशवीत ठेवावेत, नावे आधीच पडताळून घ्यावीत आणि न समजलेले निःसंकोचपणे विचारावे. विचारणाऱ्यास उत्तर देणे हे आमचे कर्तव्यच आहे.