हाडे का ठणकतात?

कयाधूकाठच्या आमच्या गावांत हाडे दुखू लागली की 'वात' म्हणून तेल चोळतात. परंतु रक्ताच्या कर्करोगातही हाडे ठणकतात. त्याची कारणे मी थोडक्यात सांगतो.

रक्तपेशी तयार होतात हाडांतील मज्जेत. ल्युकेमियात तेथे अपक्व पेशींची बेसुमार गर्दी होते. टणक हाडाला फुगता येत नाही. आत दाब वाढतो, वरचे आवरण ताणले जाते. मायलोमाची गोष्ट निराळी. १९७४ साली ग्रेगरी मंडी व सहकाऱ्यांनी दाखविले, की या रोगट पेशींतून स्रवणारा पदार्थ हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवितो. मग साध्या धक्क्यानेही हाड मोडते.

तेव्हा हाडदुखी हटेना, सोबत ताप, फिकेपणा वा काळेनिळे डाग दिसले, तर तेलावर न विसंबता आधी रक्त तपासून घ्यावे.