अनुभवी गोलंदाज आणि लहान बाजारपेठेचा संघ : खेळाडू-हस्तांतरणाचे अर्थकारण

प्रस्तावना

व्यावसायिक सांघिक खेळात सर्व संघांचे आर्थिक बळ समान नसते. ज्या संघाची बाजारपेठ लहान, त्याच्यापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो : अनुभवी गोलंदाज उतरणीला लागण्यापूर्वी अन्य संघास द्यावा, की त्यास राखून ठेवावे? अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हा प्रश्न जुना आहे. इंडियन प्रीमियर लीगमुळे (आयपीएल) तो भारतीय क्रिकेटमध्येही आला. राजस्थान रॉयल्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये धवल कुलकर्णी हा मुंबईकर मध्यमगती गोलंदाज मुंबई इंडियन्सला दिला. या उदाहरणाच्या आधारे प्रस्तुत लेखात सदर प्रश्नाचे विवेचन केले आहे.

बेसबॉलमधील पार्श्वभूमी

अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल लीगमध्ये वेतनावर कठोर कमाल मर्यादा नाही आणि स्थानिक प्रक्षेपणाचे उत्पन्न संघागणिक बरेच भिन्न असते. सहा वर्षांची सेवा पूर्ण झालेला खेळाडू करार संपताच मुक्त होतो. त्यामुळे लहान शहराचा संघ करार संपण्यापूर्वीच त्याच्या मोबदल्यात होतकरू खेळाडू घेतो. डिसेंबर २०१२ मध्ये टँपा बे रेजने जेम्स शील्ड्स व वेड डेव्हिस हे पिचर कॅन्सस सिटी रॉयल्सला देऊन विल मायर्स व जेक ओडोरिझी यांच्यासह तरुण खेळाडू मिळवले. मायर्स २०१३ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. दुसरीकडे कॅन्सस सिटीने २०१४ मध्ये जागतिक मालिकेची अंतिम फेरी गाठली आणि २०१५ मध्ये विजेतेपद मिळवले. दोन्ही संघ लहान बाजारपेठेचेच होते. मात्र एकास भविष्याची गरज होती, दुसऱ्यास तत्काळ अनुभवाची.

आयपीएलमधील वेगळेपण

२००८ मध्ये मुंबईच्या संघास ११.१९ कोटी डॉलर, तर राजस्थानच्या संघास ६.७ कोटी डॉलर अशी बोली लागली. पहिली सर्वांत महाग, दुसरी सर्वांत स्वस्त होती. तथापि खेळाडूंवरील खर्चाची कमाल मर्यादा सर्व संघांना समान असते. प्रक्षेपण हक्कांच्या केंद्रीय उत्पन्नातूनही प्रत्येक संघास वाटा मिळतो. परिणामी ‘परवडत नाही म्हणून द्यावा’ हा बेसबॉलमधील युक्तिवाद येथे दुबळा पडतो. खेळाडू गेल्याने त्याचे मानधन मर्यादेतून मोकळे होते. ती रक्कम लिलावात योग्य ठिकाणी वापरली गेली, तरच व्यवहारास अर्थ राहतो. शिवाय हस्तांतरणास खेळाडूची संमती आवश्यक असते.

राजस्थानचा निर्णय

त्या काळात राजस्थानने संघाची पुनर्रचना हाती घेतली होती. अजिंक्य रहाणे दिल्लीकडे गेला. मोबदल्यात मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया आले. डिसेंबर २०१९ च्या लिलावात यशस्वी जयस्वाल व कार्तिक त्यागी हे तरुण घेण्यात आले. २०२० च्या हंगामात संघ तळाला राहिला. २०२२ मध्ये मात्र तो अंतिम सामन्यात पोहोचला. या प्रगतीचे श्रेय एकाच हस्तांतरणास देणे योग्य नव्हे. परंतु धोरणाचे फळ एका हंगामात मोजता येत नाही, एवढे निश्चित.

उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. त्याच सुमारास दिल्लीने ट्रेंट बोल्टला मुंबईकडे दिले. १० नोव्हेंबर २०२० च्या अंतिम सामन्यात बोल्टने दिल्लीचेच तीन बळी घेतले व तो सामनावीर ठरला. कुलकर्णीचीही कारकीर्द संपलेली नव्हती. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाचा अखेरचा बळी घेऊन त्याने मुंबईच्या ४२व्या रणजी विजेतेपदावर शिक्कामोर्तब केले. वयाचा हिशेब खेळाच्या प्रकारानुसार बदलतो.

समारोप

सारांश, अनुभवी गोलंदाजास द्यावे की नाही, हे बाजारपेठेच्या आकारावरून ठरवणे अपुरे आहे. त्याची जागा घेणारा तयार आहे काय, मोकळ्या झालेल्या रकमेचा विनियोग ठरला आहे काय आणि तो कोणत्या प्रतिस्पर्ध्याकडे जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळावयास हवीत. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या २०२३ मधील पहिल्या हंगामात छत्रपती संभाजी किंग्ज हा संघ उतरला, तेव्हापासून हा विचार मराठवाड्यालाही दूरचा राहिलेला नाही. जिल्हा पातळीवरून येणाऱ्या तरुण गोलंदाजास शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठाकडून जे शिकावयास मिळते, त्याची किंमत लिलावाच्या आकड्यांत दिसत नाही. ज्येष्ठास निरोप देताना लहान संघाने हे मूल्यही हिशेबात धरणे अगत्याचे आहे.