घन इंधनातली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी

पीएसएलव्ही या उपग्रह प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याची मोटर केसिंग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला तयार होतात. या केसिंगमध्ये भरल्या जाणाऱ्या घन इंधनात ऑक्सिजन पुरवणारे अमोनियम परक्लोरेट, एचटीपीबी हे रबरासारखे बंधक आणि साधारण 18 टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असते.

भुकटीचे कण बहुधा काही मायक्रॉनपासून काही डझन मायक्रॉनपर्यंतचे असतात. प्रत्येकावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा असतो. धातू 660 अंश सेल्सिअसला वितळतो, पापुद्रा मात्र 2,000 अंशांच्या वर. त्यामुळे कण लगेच पेटत नाही. जळत्या पृष्ठभागावर कण साचतात, आतला धातू वितळून फुगतो, पापुद्रा तडकतो आणि शेजारचे कण एकमेकांत मिसळून शंभर मायक्रॉनहून मोठे थेंबही बनतात. हे थेंब वायूबरोबर उडून जळत जातात. त्यांच्या एका बाजूला ऑक्साइडची टोपी चिकटलेली असते.

अ‍ॅल्युमिनियमच्या या ज्वलनाने तापमान व रेटा वाढतो. उरलेले बारीक ऑक्साइड कण मोटरमधली दाबाची कंपने शमवतात, हा मोठाच फायदा. पण मोठे थेंब नोझलमध्ये वायूच्या वेगाला गाठू शकत नाहीत; तिथे रेटा वाया जातो आणि मळीही साचते.

नॅनो कण लवकर पेटतात, पण त्यांत ऑक्साइडचे प्रमाण जास्त असते आणि मिश्रण इतके घट्ट होते की ओतणे अवघड जाते. म्हणून मोठ्या मोटरींमध्ये आजही मायक्रॉन आकाराचीच भुकटी वापरतात.