ईस्टरची तिथी

नाताळ दर वर्षीं २५ डिसेंबरलाच येतो. मग ईस्टर कधीं मार्चांत तर कधीं एप्रिलांत कां, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस करितात, आणि त्यांचे पालकही. आचऱ्याच्या मुलांस याचें उत्तर अवघड वाटूं नये. रामेश्वराच्या देवळांतील रामनवमी इंग्रजी तारखेनें येत नाहीं, तिथीनें येते. ईस्टरही चंद्राकडे पाहूनच ठरतो. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. (ही पौर्णिमा ख्रिस्ती मंडळीच्या कोष्टकांतली, आकाशांतल्या पौर्णिमेशीं तिचा कधीं थोडा फरक पडतो.) म्हणून हा सण २२ मार्चच्या आधीं येत नाहीं व २५ एप्रिलच्या पुढें जात नाहीं. इ. स. २०२३ मध्यें तो चैत्री पौर्णिमेमागून ९ एप्रिलला आला. २०२४ मध्यें मात्र शिमग्याच्याच पौर्णिमेमागून, ३१ मार्चला.

ईस्टर ठरला कीं त्याच्या मागचेपुढचे दिवस आपोआप ठरतात. पुण्याच्या पंचहौद मिशनांतील पवित्र नाम देवालय १८८५ सालचें, अँग्लिकन परंपरेंतलें. ती मंडळी १९७० मध्यें चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत सामील झाली. या परंपरेंत ईस्टरपूर्वीं, रविवार वगळून, चाळीस दिवस उपवासकाळ पाळतात व वेदीवर जांभळें वस्त्र घालितात. आरंभीं राखेच्या बुधवारीं कपाळास राख लावितात. ती राख कशाची? ईस्टरच्या आदल्या रविवारीं, म्हणजे झावळ्यांच्या रविवारीं, लोक झावळ्या हातीं घेऊन मिरवणुकीनें देवळांत येतात. त्याच वाळवून, पुढील वर्षीं जाळून, ही राख करितात. ज्या झावळीनें जयजयकार केला, तिचीच राख कपाळीं! साऱ्या वर्षांतील प्रथांत आम्हांस हीच अधिक अर्थपूर्ण वाटते. शुभ शुक्रवारीं वेदी वस्त्राविना उघडी असते. ईस्टरला तिच्यावर पांढरें वस्त्र चढतें, आणि सात आठवड्यांनीं, पेंटेकॉस्टच्या दिवशीं, तांबडें.