घाघरा नेसलेले भूछत्र

मुंबईच्या भांडुपला खेटून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. अशा जंगलांत पावसाळ्यात कुजक्या पाल्यात, बांबूच्या बेटाखाली फॅलस जातीचे भूछत्र उगवते. त्यातला पिवळ्या-नारिंगी जाळीचा प्रकार दुर्मिळ.

आधी अंड्याएवढा गोळा दिसतो. तो फुटून काही तासांत पोकळ दांडा वर येतो आणि टोपीखालून जाळी घाघऱ्यासारखी लोंबते. टोपीवरच्या हिरवट, चिकट थराला घाण वास येतो. त्यावर बसणाऱ्या माश्या बीजाणू दूर नेतात.

मुलांना दाखवा, पण रानातले अनोळखी भूछत्र शिजवू नका. रंगावरून विष कळत नाही. चांदीच्या नाण्याची परीक्षाही खोटी. जहाल विषाची लक्षणे अनेकदा ६ ते १२ तासांनी दिसतात. चुकून खाल्ले, तर लगेच दवाखाना गाठा. उरलेले भूछत्र सोबत न्या.